सहा पंचवीसचा फोन

आमचा फोन नंबर आमच्या एकट्याचा कधीच नव्हता. पप्पांनी गुळाच्या व्यापारासाठी घरी फोन घेतला तेव्हा मी सहावीत होते, आणि महिन्याभरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळातल्या अकरा घरांनी तो नंबर आपापल्या पाहुण्यांना वाटून टाकला. नंबरापुढं पी.पी. लिहायचं, झालं. फोन शेजारच्यांचा, माणूस बोळातलं. लग्नपत्रिकेवर आमचा नंबर, शिलाईच्या पावतीवर आमचा नंबर, एकदा तर हरवलेल्या म्हशीच्या जाहिरातीत आमचा नंबर! दोन दिवस लोक पप्पांना म्हशीचे रंग सांगत होते.

फोन वाजला की पलीकडून माणूस म्हणणार, "जरा अमक्याला बोलवता का? पाच मिनिटांनी परत लावतो." मग मी जिना उतरून बोळातनं पळणार. पाच मिनिटांच्या आत माणूस आणून फोनपाशी उभं करायचं, हे माझं काम. आणि मी ते झकास करायचे. ज्ञानूकाकांच्या सायकलच्या दुकानापर्यंत जायची गरजच नसायची, गॅलरीतनं हाक मारली की ते हातातला पाना वर करून "आलो" म्हणायचे. चिमणाबाईआजींना मात्र जवळ जाऊन खांद्याला हात लावायचा, नाहीतर दचकायच्या. ज्यांचा फोन त्यांचे पाय जिन्यावर वाजेपर्यंत माझ्या जिवाला चैन नसायचं.

नववीत आम्हाला इंग्रजीला बिरनाळे सर आले आणि माझी लॉटरी लागली. त्याआधी मी इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणारी. सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "चुका, पण तोंड उघडून चुका." मला तेवढंच हवं होतं. मी तोंड उघडलं ते मिटलंच नाही. घरात दूधवाल्याला थँक्यू, मांजराला गेट आऊट, आईला गुड मॉर्निंग. आई म्हणाली, "ऐश्वर्या, गुड मॉर्निंगनं भांडी घासली जात नाहीत, ऊठ."

सरांची पद्धत अशी होती की सोमवारी फळ्यावर मधोमध एक क्रियापद लिहायचं आणि भोवतीनं त्याच्या अर्थाच्या जवळची सात-आठ. शनिवारपर्यंत प्रत्येकाचं एक वाक्य आणायचं. पण वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलेलं, डोळ्यांनी बघितलेलं हवं. गाइडातलं आणलं तर सर वही मिटून परत द्यायचे. बोलायचे काही नाहीत, ते जास्त लागायचं.

भाद्रपदातला तो सोमवार. सरांनी मधोमध लिहिलं, 'कॉल'. भोवती शाऊट, यल, रिंग, हेल, समन, बेकन, इन्व्हाइट. मी बाकावर उडायचीच बाकी राहिले. अहो, हा तर माझाच धंदा!

सर म्हणाले, "हे सगळे भाऊभाऊ असले तरी एकाचा सदरा दुसऱ्याला बसत नाही. समन करणारा माणूस जागचा हलत नाही, ज्याला समन केलं तो हलतो. हेल करणारा रस्त्यावर उभा असतो, त्याला रिक्षा पाहिजे असते. बेकन करणाऱ्याच्या तोंडातनं आवाजच येत नाही. कोण, कुठं, कुणाला, कसं बोलावतं ते आठवडाभर ऐका."

मी दोन दिवसांत वही भरली. बेकनसाठी ज्ञानूकाकांचा पाना, दुकानातल्या पोराला ते तोंडानं न बोलता पान्यानंच जवळ बोलावतात. समनसाठी आमच्या मुख्याध्यापिका, त्यांचा शिपाई दारात आला की अख्खा वर्ग घाम पुसतो. यलसाठी गणपती मंडळाची पोरं. रिंगसाठी आमचा लाल फोन. फक्त मधला शब्द, कॉल, रिकामा ठेवला. त्याच्यासाठी सगळ्यांत झकास वाक्य शोधायचं म्हणून.

आता तानामावशींबद्दल सांगते. बोळाच्या पार टोकाला, नळापाशी एका खोलीत त्या एकट्या राहायच्या. वाकळा शिवायच्या. लोक जुनी लुगडी, धोतरं आणून देत, आणि त्या दारात पटकूर पसरून त्यावर एकावर एक थर लावून चारी बाजूंनी टाके घालत आत आत सरकायच्या. लिहितावाचता येत नव्हतं. त्यांची पत्रं मी वाचायची आणि उत्तरंही मीच लिहायची. अर्धवट शिवलेल्या वाकळेवर मांडी घालून बसायचं, गुडघ्याखाली मऊ लागतं, आणि वाचायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी हौसाक्का. तीन वर्षांपूर्वी तिनं रस्त्याच्या कंत्राटदाराकडच्या एका ड्रायव्हरशी लग्न केलं, न विचारता, दुसऱ्या जातीत. पहिलं वर्षभर हौसाक्काचा फोन यायचा आणि तानामावशी यायच्या नाहीत. मी बोलवायला गेले की सुई न थांबवता म्हणायच्या, "सांग, न्हाय घरात म्हनावं." मी परत येऊन तसं सांगायचे आणि पलीकडं हौसाक्का "बरं" म्हणायची. मग फोन यायचे थांबले. नंतर हौसाक्काला मुलगा झाल्याचं पत्र आलं. ते मीच वाचलं. तानामावशींनी तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, "ऐशे, आता फोन आला की मला बोलीव बरं का गं. नळावर असूंदे, न्हाय तर कुठं बी असूंदे. मी वल्ल्या अंगानं यीन." उत्तराच्या पत्रात मी तसं लिहिलं, 'फोन कर, आई येणार.' त्यानंतर जाता-येता त्या मला विचारायच्या, "वाजला का गं?"

तर तो आठवडा आमच्या पर्वाचा होता. आमच्या जैन घरात एरवीही दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं, पण पर्वाच्या दहा दिवसांत ते अगदी कडक. यंदा मी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, सगळ्या मुलांसमोर उभी राहून नियम घेतला होता, सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटसुद्धा नाही. टाळ्या पडल्या होत्या. मी आता अशीच झाले होते, जिथं टाळ्या असतील तिथं मी उभी.

सातवा दिवस. शाळेत नाटकाची तालीम लांबली, दुपारचा डबा तसाच राहिला. घरी आले तर सहा वाजून वीस मिनिटं. आईपप्पा बस्तीत आरतीला गेलेले. आईनं ताट वाढून झाकून ठेवलं होतं, भाकरी, मुगाची आमटी, भात आणि वाटीत शिरा. बस्तीतल्या तक्त्यावर त्या दिवशीचा सूर्यास्त सहा चौतीसचा. पोटात नुसती आग पडली होती. मी हात धुतले, पाटावर बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि फोन वाजला.

घड्याळात सहा पंचवीस.

"हॅलो, हू इज कॉलिंग प्लीज?" मी म्हणाले. आठवडाभर मी सगळ्यांना हेच विचारत होते.

"आँ?" पलीकडं मोटारींचे आवाज. "कोन, ऐशू व्हय? अगं मी हौसा! केवढा मोठा आवाज झालाय गं तुझा! आईला बोलीव की जरा. पाच मिन्टांनी परत लावते. माझ्यामागं लाइन लागलीया."

मी ताटाकडं बघितलं. मग घड्याळाकडं. माझं डोकं त्या वेळी किती भराभर चाललं हे मला आजही आठवतं. खाली उतरायचं, बोळाच्या टोकाला जायचं. तानामावशी दोरा गुंडाळणार, गुडघ्यावर हात ठेवून उठणार, एकेक पायरी करत जिना चढणार. पुन्हा फोन येणार. त्या रडणार. कुणी समोर रडत असताना भाकरी कशी खायची? तेवढ्यात सहा चौतीस. मग उद्या सकाळपर्यंत काही नाही.

"तानामावशी नाहीत घरात," मी म्हणाले.

"कुठं गेलीया?"

"कुरुंदवाडला. बहिणीकडं." हे कुठनं आलं देव जाणे. मागच्या महिन्यात त्या कुरुंदवाडला गेल्या होत्या, तेच तोंडात आलं. नुसतं नाही म्हणून भागलं असतं, पण मी वर गावाचं नावही घातलं.

"मग कधी येनार?"

"माहीत नाही."

"बरं, मग ऐशू, असं कर, एक निरोप..."

मी फोन ठेवला. आपटला नाही. अगदी अलगद ठेवला, कुणी झोपलेलं असल्यासारखा. आणि जेवले. बाहेर गणपतीच्या मांडवात गाणी लागली होती आणि मी शिऱ्याची वाटी बोटानं पुसून खाल्ली. जेवण गोड लागलं. हे लिहायला लाज वाटते, पण लागलं. सहा बत्तीसला चूळ भरली. दोन मिनिटं हातात उरली होती.

त्या दोन मिनिटांत मात्र काहीतरी झालं. मी गॅलरीत आले आणि बोळाच्या टोकाला तानामावशींच्या दारातला पिवळा बल्ब दिसला. त्या बल्बाखाली वाकून शिवत होत्या. कुठंही गेल्या नव्हत्या. आता जाऊन सांगावं, हौसाक्काचा फोन आला होता म्हणून? मग विचारणार, 'मग बोलीवलं का न्हाईस?' मी फोनपाशी जाऊन बसले. तो परत वाजेल, पाचच मिनिटांत वाजेल, आणि मी धावत सुटेन, असं मनाला सांगत बसले. पण ज्या बाईला आई गावात नाही असं सांगितलंय ती परत कशाला फोन लावील?

आई आल्यावर म्हणाली, "खालच्या काकू म्हणत होत्या फोन वाजला."

"राँग नंबर."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तानामावशींनी दारातनं हाक मारली. "वाजला का गं?"

"नाही," मी चालता चालताच म्हणाले. सायकल तिथनं हातात धरून न्यायची असते, मी टांग मारून पुढं गेले.

पर्व संपल्यावर आमच्याकडं क्षमेचा दिवस असतो. घराघरांत जायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, वर्षभरात कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. समोरच्यानंही तेच म्हणायचं. दरवर्षी मी हे घडाघडा म्हणत सुटायचे. यंदा आई म्हणाली, "तानाबाईंकडंही जाऊन ये. वर्षभर त्यांच्या वाकळेवर लोळतेस."

मी गेले. हात जोडले. "तानामावशी, कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा."

त्या हसल्या. सुई पदराला टोचून माझ्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले. "तू काय चुकनार गं लेकरा? तू हाईस म्हनून माझी लेक माझ्यासंगट बोलती. जा, केली क्षमा. खोबरं खा."

मी खोबरं खाल्लं. क्षमा मिळाली होती, आणि मी ती चोरून आणल्यासारखी घरी घेऊन आले. कळत नकळत. माझ्याकडनं नकळत काहीच झालं नव्हतं.

त्यानंतर चार दिवसांनी पत्र आलं. निळं अंतर्देशीय, तिन्ही बाजूंनी गच्च लिहिलेलं. तानामावशी पोस्टमनच्या मागोमाग आमच्या जिन्यापर्यंत आल्या. "ऐशे! ये की गं लौकर! हौसाचं हाय का बघ!"

हौसाक्काचंच होतं. ती सातवी शिकलेली, अक्षर टपोरं. मी वाकळेवर बसले. कुणाच्या तरी हिरव्या लुगड्याचा काठ वर आला होता, त्याच्यावर. आणि वाचायला लागले.

"'आईस हौसाचा नमस्कार. आमी आता भोपाळकडं आलो. कंत्राटदाराचं रस्त्याचं काम इकडं लागलंय. आता वर्ष-दीड वर्ष खाली येनं न्हाय. बाळाला सहावा महिना लागला, मुठीत बोट धरलं की सोडत न्हाय...'"

"माझ्या बाऽळा," तानामावशी म्हणाल्या.

मी पुढच्या ओळीवर गेले आणि थांबले.

त्या ओळी मला आजही पाठ आहेत. 'आमची गाडी मिरजेवरनं जानार हुती. मिरजेत पंचवीस मिनटं थांबती. तू यावीस, बाळाला बघावंस म्हनून तीन दिस आदी फोन केला. ऐशू म्हनली तू कुरुंदवाडला गेलीस. निरोप सांगायला लागले तर फोन ठेवला. तरीबी मी मिरजेत बाळाला पिवळं झबलं घालून डब्याच्या दारात हुभी ऱ्हायले. कुरुंदवाड जवळच हाय, म्हनलं कुनास ठावं. कुनी आलं न्हाय. आई, खरं सांग. तू घरातच हुतीस का? पयल्यागत तूच सांगाय लावलंस का? तसं असंल तर तसं लिव्ह. मी परत फोन करनार न्हाय. तुला तरास देनार न्हाय.'

"का थांबलीस?" तानामावशी म्हणाल्या.

"अक्षर लागत नाही, मावशी."

"सावकास वाच. मला कुठं जायाचं हाय?"

आणि मी वाचलं. म्हणजे कागदाकडं बघत बोलले. 'इथं पाणी बरं हाय. खोली मोठी हाय. बाळ हसतो. तू गुडघ्याला तेल लाव. तुझी हौसा.' माझा आवाज इतका छान लागला होता की मला माझीच भीती वाटली. चुका, पण तोंड उघडून चुका, असं सरांनी सांगितलं होतं. त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

तानामावशींनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "एवढंच? कागद तर भरलाय की गं."

"अक्षर मोठं आहे तिचं."

"मग फोन का करीना झालीया? काय लिवलंय का?"

"तिथनं फोन लांब आहे म्हणते."

त्यांनी मान हलवली. मग लगेच उत्तर सांगितलं, आणि मी लिहिलं. बाळाचा फोटो पाठव. थंडी सुरू व्हायच्या आत त्याच्यासाठी छोटी वाकळ पाठवते, मऊ लुगड्याची. तू कधी फोन करशील म्हणून वाट बघते. शेवटची ओळ लिहिताना मला वाटलं, एवढं पुरेल. वाट बघते म्हटलं की हौसाक्काला कळेल. पण तिनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्या कागदावर नव्हतं. तिनं विचारलेलं आईपर्यंत पोचलंच नव्हतं. पत्र टाकायला माझ्याकडं दिलं होतं. तीन दिवस ते इंग्रजीच्या वहीत राहिलं. पेटी आमच्या शाळेच्या दाराला लागूनच आहे, रोज तिच्यावरनं जायचे.

मधे दोन शनिवार परीक्षा आणि सुट्टीत गेले होते, म्हणून कॉलची वाक्यं सरांनी या शनिवारी घेतली. सकाळची शाळा. "ऐश्वर्या, तू वाच. तुझ्या बोळात तर सगळे शब्द राहायला आहेत."

मी वाचली. ज्ञानूकाकांच्या पान्याला वर्ग हसला. मुख्याध्यापिकांच्या समनला तर सर स्वतः हसले आणि दाराकडं बघितलं. महिन्यापूर्वीची मी असते तर हवेत गेले असते.

"आणि मधला शब्द?" सरांनी वही हातात घेतली. "अगं, मूळ शब्दच रिकामा ठेवलायस. कॉलचं वाक्य नाही मिळालं तुला? तुला?"

मागनं कुणीतरी म्हणालं, "सर, तिचा फोन बंद पडलाय!" सगळी हसली.

"मिळालंय सर," मी म्हणाले. "लिहायचं राहिलंय."

"मग लिहून आण." सरांनी वही दिली. देताना तिच्यातनं निळं अंतर्देशीय खाली पडलं. सरांनी ते उचललं, पत्त्याकडं बघितलं. "हे पण टाकायचं राहिलंय वाटतं," एवढंच म्हणाले आणि माझ्या बाकावर ठेवलं.

साडेअकराला शाळा सुटली. मी घरी न जाता थेट बोळाच्या टोकाला गेले. तानामावशी एक लहानशी वाकळ शिवत होत्या. हातभर असेल. आत पांढरं धोतर, वर फिकट गुलाबी लुगडं.

"आलीस? बघ, हात लावून बघ कशी मऊ लागती ती."

"मावशी, हौसाक्काचं पत्र द्या. परत वाचायचंय."

"का गं?"

"मी सगळं वाचलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पत्र्याच्या डब्यातनं पत्र काढून दिलं. मी उभ्यानंच वाचलं. वाकळेवर बसायचं धाडस झालं नाही. एक अक्षर सोडलं नाही. 'ऐशू म्हनली' हे वाचताना माझा आवाज फुटला, तरी वाचलं. 'पिवळं झबलं' वाचलं. 'तुला तरास देनार न्हाय' वाचलं. आणि मग जे पत्रात नव्हतं तेही सांगितलं. सहा पंचवीस, ताट, सूर्यास्त, सगळं.

तानामावशींची सुई चालूच होती. चार टाके. पाच. मग थांबली.

"मिरजेचं परत वाच."

मी परत वाचलं.

"किती मिन्टं म्हनली?"

"पंचवीस."

"पंचवीस मिन्टं." त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. "आनि तू त्या दिवशी पोटभर जेवलीस?"

मी मान हलवली.

"शिरा हुता म्हनलीस."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बोळात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायला हवं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "वरीसभर मीच तुला सांगाय लावलं. न्हाय घरात म्हनावं, न्हाय घरात म्हनावं. मीच शिकीवलं तुला." आणि हे मला त्यांच्या शिव्यांपेक्षा वाईट लागलं. कारण ते खरं नव्हतं. त्यांनी सांगितलं तेव्हा मी बोलवायला तरी गेले होते.

"बस," त्या म्हणाल्या. "तितं नगं, हितं फरशीवर बस. कागद काढ. पयला कागद फाड. लिव्ह. आई घरातच हुती. नळापाशी वाकळ शिवत हुती. तिला कुनी बोलीवलं न्हाय. आईनं काय बी सांगाय लावलं न्हाय."

मी लिहिलं.

"कुनी बोलीवलं न्हाय, त्याचं नाव लिव्ह."

मी माझं नाव लिहिलं. आडनावासकट.

"आता लिव्ह, फोन कर. दर म्हैन्याला कर. पर ऐशूच्या घरात करू नगंस. ज्ञानूच्या सायकलच्या दुकानात नवा फोन आलाय, त्येचा नंबर लिव्ह." त्यांनी पदराच्या गाठीतनं एक चिठ्ठी काढली. नंबर आधीच आणलेला होता. ज्ञानूकाकांचा फोन आला त्याच दिवशी त्यांनी दिला असणार, सगळ्या बोळाला दिला होता. पण तानामावशींनी तो आजपर्यंत कुणाला कळवला नव्हता. मी आहे म्हणून.

तो नंबर मी माझ्याच हातानं लिहिला. सहाही आकडे सुटे सुटे, स्वच्छ. पत्र पेटीत टाकलं आणि पेटीचं झाकण दोनदा हलवून बघितलं.

संध्याकाळी आईला सांगितलं. आई भांडं हातात धरून उभी राहिली. "ताटावरनं उठायचं होतंस. मागनं जेवली असतीस, नियम मोडला असता, एवढंच ना. दुसऱ्या दिवशी परत घेतला असता." मग भांडं ठेवून म्हणाली, "पंचवीस मिनिटं लेकरू घेऊन दारात उभी होती गं ती." आणि आत गेली. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही.

वाक्य मी वहीत लिहिलं. आय डिड नॉट कॉल हर. सरांनी बघितलं, खाली बरोबरची खूण केली.

त्यानंतर तानामावशींनी मला 'वाजला का गं' विचारणं सोडलं. दारावरनं गेले तर "शाळेला निघालीस व्हय" म्हणायच्या, पण पत्र दाखवायला आल्या नाहीत. बोळातली बाकीची माणसं अजून आमच्याच फोनवर यायची, मी त्यांना पळत जाऊन बोलवायचे. तरी प्रत्येक वेळी नळापर्यंत पोचायच्या आधीच माझे पाय वळायचे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी जेवायला बसले होते. दिवस लवकर मावळायला लागला होता, आईची घाई चालू होती. खाली पोरं लवंगी फटाके फोडत होती. आणि त्या आवाजात मला ज्ञानूकाकांची हाक ऐकू आली. "तानाबाई! ओ तानाबाई! फोन हाय! हौसाचा!" ते दुकानाच्या दारात उभे, एका हातात पाना, दुसरा हात तोंडाशी. दुकानात गिऱ्हाईक, चाक अर्धं उघडलेलं, त्यांना हलता येईना. बोळाच्या टोकाला तानामावशी वाकळेवर वाकलेल्या. फटाक्यांत त्यांना काहीच ऐकू जात नव्हतं.

मी ताटावरनं उठले. आई बाजूला सरली. हात खरकटाच होता. जिना, बोळ, नळ.

"मावशी! फोन! ज्ञानूकाकांकडं! हौसाक्काचा!"

तानामावशी उठल्या. गुडघ्यावर हात न ठेवता उठल्या. दोन पावलं टाकली, थांबल्या. हातात सुई होती, दोऱ्यासकट. ती घेऊन कसं पळणार? त्यांनी इकडं तिकडं बघितलं, मग ती माझ्यासमोर धरली.

"धर. हरवू नगंस."

मी डाव्या हातानं धरली. त्या बोळातनं निघाल्या, पदर सावरत, फटाक्यांच्या पोरांना "सरा की रं मुडद्यांनो" म्हणत.

मी त्यांच्या उंबऱ्याशी उभी राहिले. सुईला लांब दोरा होता, त्याचं दुसरं टोक अजून वाकळेत होतं, म्हणून मला हलताही येत नव्हतं. बोळावरचं ऊन आधी भिंतीवर चढलं, मग कौलांवर, मग गेलं. घरी ताट तसंच असणार, आता ते उचललं जाईल. मी चिमटीतली सुई आणखी घट्ट धरली. पोरांचे फटाके मध्येच संपले आणि कोपऱ्यावरून तानामावशींचा आवाज आला. फोनवर बोलायची सवय नव्हती, म्हणून त्या भोपाळपर्यंत थेट ऐकू जावं अशा ओरडत होत्या.

"हौसा! मी घरातच हाय गं! घरातच हाय मी!"